नर कुठला, मादी कुठली आणि मार कुणाला

दुकानात 'जोडी' म्हणून मिळतात ते बहुतेक वेळा नुसते दोन मासे असतात. एकाच टाकीतले, साधारण एका मापाचे, एकाच जाळीत आलेले. "नर-मादीच हाय भाऊ, घेऊन जा बिनधास्त," असं म्हणत दुकानदार पिशवीत हवा भरतो, रबर गुंडाळतो आणि आपण घरी येतो. गप्पी किंवा मोली असतील तर हे खपून जातं. त्यांचे नर-मादी लांबूनही ओळखू येतात, आणि नाही आले तरी कुणाचं फारसं बिघडत नाही. सिक्लिड असेल तर मात्र आठवडाभरात एक मासा टाकीचा मालक होऊन बसतो आणि दुसरा फिल्टरच्या मागे, पाण्याच्या वरच्या थराला, फाटक्या शेपटीनिशी लटकलेला दिसतो. अशा वेळी पहिला प्रश्न औषधाचा विचारला जातो. विचारायचे प्रश्न दोन: ते दोघं खरंच नर-मादी आहेत का, आणि असले तरी त्यांनी एकमेकांना पसंत केलं आहे का?

सिक्लिड हे नाव घरात कुणी घेत नाही, पण मासे सगळ्यांना माहीत आहेत. एंजल, ऑस्कर, डिस्कस, पॅरट, फ्लॉवरहॉर्न, दुकानात 'झेब्रा' म्हणून खपणारा काळ्या पट्ट्यांचा कॉन्व्हिक्ट, पिवळाधम्मक इलेक्ट्रिक येलो, हे सगळे त्याच कुळातले. बाजारात मिळणारी तिलापियासुद्धा. शास्त्रात नोंद झालेल्या जाती १७०० च्या वर आहेत. त्यांतल्या भारतातल्या मूळच्या फक्त तीन, त्याही दक्षिणेतल्या आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या. गोव्यात कालुंदर म्हणून खातात तो त्यांतलाच एक. विदर्भातल्या नदी-तळ्यांत मूळचा एकही सिक्लिड नाही. ही गोष्ट शेवटी, पिल्लांचा विषय निघेल तेव्हा, कामाला येईल.

या कुळाचा स्वभाव एका गोष्टीभोवती फिरतो. हे मासे अंडी टाकून निघून जात नाहीत, अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. राखण करायची तर जागा ठरवावी लागते, आणि ठरवलेल्या जागेत दुसरा कुणी आला की त्याला हाकलावं लागतं. म्हणजे आपण ज्याला भांडखोरपणा म्हणतो तो त्यांच्या संसाराचाच भाग आहे. नदीत हाकललेला मासा चार हात लांब पळतो आणि विषय संपतो. दोन फुटांच्या काचेच्या टाकीत पळायला जागा नसते, म्हणून विषय संपत नाही.

ओळख

सोप्यापासून सुरुवात करू. कॉन्व्हिक्टमध्ये बहुतेक माशांच्या उलट प्रकार आहे: रंग मादीला. वयात आलेल्या मादीच्या पोटावर आणि बाजूंना केशरी, सोनेरी खवल्यांची झाक येते. गुलाबी-पांढऱ्या कॉन्व्हिक्टमध्येही ती नीट पाहिली तर दिसते. नर आकाराने मोठा, करड्या रंगाचा, पाठीवरचा आणि पोटाखालचा पर मागे टोकदार होत गेलेला, आणि वय झालं की कपाळ पुढे आलेलं. दोघं पाच-सहा सेंटिमीटरचे झाले की चूक होण्याचं कारण उरत नाही. सिक्लिड पाळण्याची पहिली वेळ असेल तर याच माशापासून सुरू करा, असं मी सांगतो ते एवढ्यासाठीच.

रॅम नावाच्या सिक्लिडमध्ये मादीचं पोट गुलाबी होतं आणि नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब असतात. इलेक्ट्रिक येलोसारख्या मलावी सरोवरातल्या माशांच्या पोटाखालच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. ते ठिपके दिसले म्हणजे नर, असं सर्रास सांगितलं जातं; पण ठिपके माद्यांनाही असतात, त्यामुळे त्यावर विसंबू नका. शिवाय या माशांत जोडी नसतेच. एक नर आणि तीन-चार माद्या हे त्यांचं गणित आहे. एक नर-एक मादी ठेवलीत तर सगळा मार त्या एकाच मादीला पडेल.

एंजल, डिस्कस आणि ऑस्कर या तिघांत बाहेरून काहीही कळत नाही. कपाळ गोल म्हणजे नर, पोट फुगीर म्हणजे मादी, या गोष्टी ऐकायला बऱ्या. फुगीर पोट आदल्या रात्रीच्या खाण्याचंही असतं. इथे खरी खूण एकच: अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी दोघांच्याही पोटाखाली एक बारीक नळी बाहेर येते. मादीची जाड आणि टोकाला बोथट, नराची बारीक आणि निमुळती. ही नळी दिसेपर्यंत 'हा नर, ही मादी' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अंदाज बांधत असतो. अनुभवी माणसाचा अंदाज बरेचदा बरोबर येतो, पण पैसे मोजताना तो अंदाजच आहे हे लक्षात असू द्या.

एंजल, ऑस्कर, डिस्कसमध्ये आणखी एक फसवणूक होते, आणि ती मासेच करतात. दोन माद्या जोडी करतात. जागा साफ करतात, बाकीच्यांना हाकलतात, अंडी घालतात, त्यांना परांनी वारा घालतात. अंडी नेहमीच्या दुप्पट दिसली आणि एक-दीड दिवसात एकूण एक पांढरी पडली, तर नर नाही असं समजा. अर्थात नर असूनही अंडी पांढरी पडू शकतात. पहिल्या एक-दोन खेपा वाया जाणं नेहमीचं आहे. पण सलग तीन-चार खेपांत एकही अंडं फुटलं नाही तर संशय घ्या. पॅरटच्या बाबतीत तर हा हिशेबही करू नका. तो माणसाने तयार केलेला संकर आहे आणि त्याचे नर बहुतांशी नापीक असतात. दोन पॅरट अंड्यांची मनोभावे राखण करताना पाहून घरातल्या मुलांना पिल्लांची आशा लावू नका.

राहिला फ्लॉवरहॉर्न. मलेशियात १९९० च्या दशकात संकरातून तयार झालेला हा मासा डोक्यावरच्या उंचवट्यामुळे, म्हणजे 'कोक'मुळे आणि वास्तूच्या नावाखाली घरोघर पोचला. मोठा कोक बहुधा नराचा असतो, पण काही माद्यांनाही बऱ्यापैकी कोक येतो. मादीच्या पाठीवरच्या परात बऱ्याचदा काळा डाग असतो; तीही पक्की खूण नव्हे. इथे पोटाखालूनच पाहावं लागतं.

पोटाखालून पाहणं म्हणजे काय, ते जिवंत माशावर शिकायची गरज नाही. त्यासाठी बाजारातून पाव-अर्धा किलोच्या तीन-चार तिलापिया आणा. पोट साफ करून नको, अख्ख्या द्या, असं सांगा. मासा उताणा करा. डोक्याच्या बाजूचं पहिलं छिद्र गुदद्वाराचं. त्याच्यामागे, शेपटीकडे, एक लहानसा उंचवटा. नराच्या उंचवट्याच्या टोकाला एकच बारीक छिद्र असतं. मूत्र आणि रेत दोन्हींची वाट तीच. मादीच्या उंचवट्यावर लघवीचं सूक्ष्म छिद्र वेगळं आणि अंड्यांसाठी आडवी चीर वेगळी. म्हणजे मोजायला गेलं तर नराला दोन वाटा, मादीला तीन. चीर दिसत नसेल तर कापसाच्या बोळ्याने तिथे मेथिलीन ब्लू किंवा शाई लावून पुसून घ्या. रंग चिरेत उतरतो आणि रेघ उठून दिसते. तिलापियाची शेती करणारे फक्त नर वाढवतात, कारण नर लवकर वजन धरतात आणि तळ्यात पिल्लावळ वाढत नाही. नर-मादी हाताने वेगळे करायचे तेव्हा ते याच खुणेने करतात.

मासे पाहून झाले की खाऊन टाका. मग घरच्या माशाकडे वळा. तो किमान सात-आठ सेंटिमीटरचा असावा. आदल्या दिवशी खायला देऊ नका. हात ओले करा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेला वाट मिळते. ओल्या जाळीतच त्याला उताणा धरा, डोळ्यांवर ओलं फडकं ठेवा म्हणजे तो धडपडत नाही, आणि दुसऱ्याला मोबाइलने जवळून फोटो काढायला सांगा. दहा-पंधरा सेकंदांत मासा पाण्यात परत गेला पाहिजे. पाहायचं ते नंतर फोटो मोठा करून पाहा. दोन्ही छिद्रं साधारण सारखी, किंवा मागचं लहान, तर नर. मागचं स्पष्टपणे मोठं आणि रुंद, तर मादी. एकच मासा पाहून कळत नाही. चार-पाच पाहिले की फरक डोळ्यांत भरतो.

जोडी जमणं

ओळख पटली म्हणजे जोडी झाली असं नाही. या माशांत निवड असते. टाकीतला एकुलता एक नर आणि एकुलती एक मादी एकमेकांना नाकारू शकतात, आणि नाकारण्याची त्यांची रीत म्हणजे मार.

म्हणून प्रौढ जोडी विकत घेण्यापेक्षा एका आकाराची सहा पिल्लं घ्या आणि एकत्र वाढवा. स्वस्त पडतं, आणि सहापैकी सगळे एकाच लिंगाचे निघण्याची शक्यता बत्तिसात एक. एंजल आठ-दहा महिन्यांत वयात येतात, कॉन्व्हिक्ट त्याच्या निम्म्या वेळात. एक दिवस दिसतं की दोन माशांनी एक कोपरा धरला आहे, एखादं पान किंवा दगड तोंडाने घासून साफ करताहेत आणि बाकी चौघांना दुसऱ्या टोकाला कोंडलं आहे. जमली जोडी.

इथे बहुतेक जण जमलेली जोडी उचलून नव्या टाकीत ठेवतात. नव्या टाकीत दोघांनाही जागा परकी, शेजारी कुणी नाही, आणि दोन दिवसांत नर मादीच्या मागे लागतो. जोडी जागेवर राहू द्या, बाकीचे काढा. आणि बाकीचेही सगळे एका दिवसात काढू नका. का, ते पुढे येईल.

प्रौढ मासे घेऊनच जोडी करायची वेळ आली, तर मादी आधी सोडा. आठवडाभर तिला टाकी ओळखू द्या, लपायच्या जागा तिच्या होऊ द्या. नर नंतर, संध्याकाळी दिवा बंद करून. मधे जाळी असेल तर उत्तम.

मारामारी

आधी हे ठरवा की जे चाललं आहे ते भांडण आहे की लग्नाआधीची झटापट. दोन सिक्लिड समोरासमोर येऊन कल्ले फुगवतात, बाजूला बाजू लावून अंग थरथरवतात, शेपटीने एकमेकांवर पाण्याचे फटके मारतात, तोंडात तोंड अडकवून ओढाओढ करतात. पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, पण दोघंही तेवढ्याच जोमाने करत असतील, दोघांचे रंग गडद असतील आणि पर ताठ असतील तर हात घालू नका. अशा झटापटीतूनच जोडी ठरते.

एकाने माघार घेतल्यावर काय होतं, तिथे लक्ष द्या. हरलेल्याचे पर मिटतात, रंग फिका पडतो, तो कोपऱ्यात किंवा वर जातो. जिंकलेला तिथे थांबला तर ठीक. हरलेला कोपऱ्यात असतानाही दुसरा पुन्हा पुन्हा जाऊन मारत असेल, त्याला खायला खाली येऊ देत नसेल, तर त्याच दिवशी दोघांना वेगळं करा. खवले उडालेले किंवा डोळ्याला इजा झालेली दिसली तर संध्याकाळचीही वाट पाहू नका.

वेगळं कुणाला काढायचं? मार खाणाऱ्याला, असं कुणीही म्हणेल, आणि काढलंही तेच जातं. काढायचं मारणाऱ्याला. मार खाल्लेला मासा आधीच घाबरलेला असतो. त्याला जाळीत धरणं, दुसऱ्या पाण्यात टाकणं हा आणखी एक मार. शिवाय मारणारा जागेवर राहिला की टाकी पूर्णपणे त्याची होते, आणि परत आलेल्या माशाला तो घुसखोर समजतो. मारणाऱ्याला चार-पाच दिवस बादलीत किंवा दुसऱ्या टाकीत ठेवा, फिल्टरसह. तेवढ्यात पहिल्याचे पर भरू लागतात. स्वच्छ पाणी पुरतं, हवं तर लिटरला एक ग्रॅमप्रमाणे मीठ. मग टाकीतले दगड, झाडं, मडकी सगळ्यांच्या जागा बदला आणि मारणाऱ्याला रात्री परत सोडा. त्याच्या ओळखीचं काहीच उरलेलं नसतं, म्हणून तो काही दिवस पाहुण्यासारखा वागतो.

आता मघाशी राहिलेली गोष्ट: शेजारी. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ, ज्यांना १९७३ साली नोबेल मिळालं, त्यांनी आक्रमकतेवरच्या १९६३ सालच्या पुस्तकात सिक्लिड पाळणाऱ्याच्या उपयोगाचं एक निरीक्षण नोंदवलं आहे. एका मोठ्या टाकीत मधे काच घालून दोन्ही बाजूंना एकेक जोडी ठेवली की प्रत्येक नर आपला राग काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर काढतो आणि घरात शांतता राहते. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की नर मादीवर उलटतो. काच पुसली की पुन्हा सगळं सुरळीत. राग आत साठत जातो आणि कुठेतरी बाहेर पडावाच लागतो, हा लोरेन्झ यांचा त्यावरचा सिद्धांत पुढच्या शास्त्रज्ञांनी बराचसा बाजूला ठेवला. पण जोडी एकटी पडली की मादीचा मार वाढतो, हे कुठल्याही जुन्या पाळणाऱ्याला विचारा.

याचा घरगुती उपयोग सरळ आहे. जोडीच्या टाकीत चपळ, थव्याने फिरणारे, तोंडात मावणार नाहीत इतके मोठे मासे ठेवा. कॉन्व्हिक्टबरोबर जायंट डॅनिओ किंवा टायगर बार्ब, सहा-आठ. नर त्यांना हाकलतो, ते कधीच सापडत नाहीत, आणि त्याचा दिवस कामात जातो. एंजलबरोबर टायगर बार्ब नको, ते लांब पर कुरतडतात. दुसरी टाकी असेल तर ती चिकटून ठेवा. काहीच नसेल तर दिवसातून पाच मिनिटं बाहेरून आरसा धरा. दिवसभर आरसा ठेवू नका. समोरचा शत्रू कधी हरतच नाही म्हटल्यावर मासा थकतो.

टाकीच्या मापाबद्दल स्पष्ट बोलतो. घरोघर असते ती २×१×१ फुटांची टाकी, म्हणजे जेमतेम ५७ लिटर, कुठल्याही सिक्लिड जोडीला कमी आहे. रॅम तेवढे अपवाद. कॉन्व्हिक्टला ३ फूट लांबी हवी, फ्लॉवरहॉर्नच्या जोडीचा विचारच करायचा तर ४×१.५×१.५ फूट, अडीचशे लिटर. एंजलला उंची लागते, बाकीच्यांना तळाचं क्षेत्रफळ. उंच आणि अरुंद टाकी दिवाणखान्यात शोभते, माशाला तिचा उपयोग नाही.

आत काय ठेवायचं? बाजारातल्या प्लास्टिकच्या गुहा आणि किल्ल्यांपेक्षा आपल्याकडचं कवेलू सरस. जुनी अर्धगोल कवेलू, सेवाग्रामच्या कुट्यांवर दिसतात तशी, गावाकडे घर पाडलं की ढिगाने मिळतात. तेलकट किंवा रंगवलेली नकोत. ब्रशने घासा, उकळत्या पाण्यातून काढा आणि पालथी ठेवा. कॉन्व्हिक्ट आतल्या छताला अंडी चिकटवतात. कवेलूचा फायदा हा की ते दोन्ही बाजूंनी उघडं असतं. एकच तोंड असलेलं मडकं मादीसाठी सापळा ठरतं: ती आत शिरते, नर तोंडाशी उभा राहतो, संपलं. मडकंच ठेवायचं तर त्याचं बूड फोडा. कवेलू टाकीच्या दोन्ही टोकांना ठेवा, आणि मधे दगड किंवा जाड पानांची झाडं अशी लावा की एका टोकाकडून दुसरं टोक सरळ दिसणार नाही. नजरेआड झालेल्या माशाचा पाठलाग बहुधा तिथेच थांबतो. खाणंही दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका.

आणि मधली जाळी. फॉल्स सीलिंगच्या दिव्यांखाली बसवतात ती चौकोनी भोकांची पांढरी प्लास्टिक जाळी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, करवतीने कापता येते. टाकीच्या आतल्या रुंदीला घट्ट बसेल अशी कापा, तळाच्या खडीत रोवा आणि वर झाकणापर्यंत न्या, नाहीतर नर उडी मारून पलीकडे जातो. कॉन्व्हिक्टसारख्या, नर मोठा आणि मादी लहान असलेल्या जातीत जाळीला खालच्या कोपऱ्यात मादी जेमतेम जाईल एवढं एक भोक ठेवा. मादी मनाने नराकडे जाते, त्रास झाला की आपल्या बाजूला येते, नर अडकतो. आकार जवळजवळ सारखा असेल तर हा उपाय चालत नाही.

फ्लॉवरहॉर्नमध्ये भोक ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. आख्खी जाळी ठेवा. मादीची नळी बाहेर आली, दोघं जाळीला चिकटून थरथरायला लागले, म्हणजे वेळ जवळ आली. मादीने जाळीलगतच्या फरशीवर अंडी घातली की नर पलीकडून रेत सोडतो आणि जाळीच्या भोकांतून पाण्याबरोबर ते पोचतं. फिल्टरचा झोत त्या वेळी मंद करा. सगळी अंडी धरत नाहीत, पण मादी जिवंत राहते. खरं सांगायचं तर फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवावा. "एकटा कंटाळत असेल, त्याले एखादी मादी द्या," असं म्हणणाऱ्या पाहुण्याला तो मासा किती कंटाळलाय हे काचेवर बोट ठेवून पाहू द्या.

जमलेल्या जोडीतही भांडणाच्या ठरावीक वेळा असतात, त्या माहीत असलेल्या बऱ्या. नर तयार आहे आणि मादीच्या पोटात अंडी नाहीत, ही पहिली. अंडी खाल्ली गेली किंवा बुरशीने गेली, ही दुसरी. पिल्लं महिन्याभराची झाली, नराला पुढची खेप हवी आणि मादी अजून पिल्लांतच आहे, ही तिसरी. चौथी आपण आणतो: पिल्लं एका झटक्यात सगळी काढून घेतली की राखण करायला काही उरत नाही आणि जोडी एकमेकांवर तुटून पडते. पिल्लं काढायचीच तर निम्मी काढा, बाकीची काही दिवसांनी. पाचवीही आपलीच: टाकी पूर्ण रिकामी करून घासूनपुसून धुणं. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, तेवढं पुरे.

वर्ध्याचं पाणी आणि वर्ध्याचं ऊन

आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तोच. डिस्कस आणि रॅमला ते मानवत नाही, कॉन्व्हिक्ट आणि मलावीतल्या माशांना मानवतं. पाण्याला औषधं घालून मऊ करत बसण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा निवडणं शहाणपणाचं. वर्ध्याला धाम, हिंगणघाटला वणा, पुलगावला वर्धा. नदी कुठलीही असो, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते एक दिवस उघड्या बादलीत हवा सोडून ठेवा किंवा अँटिक्लोरीनचे थेंब घाला. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली असेल तर ते पाणी टाकीत नको.

उन्हाळा हा खरा शत्रू. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या पुढे पारा जातो, तेव्हा बंद खोलीतल्या टाकीचं पाणी ३२-३३ अंशांवर सहज पोचतं. गरम पाण्यात माशाची हालचाल आणि भूक वाढते, जोडी वारंवार अंड्यांवर येते आणि चिडखोर होते. त्याच वेळी पाण्यात मावणारा प्राणवायू घटतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३३ अंशांना सुमारे ७.२. पाठलाग झालेल्या माशाला दम भरून काढायला तेवढाच कमी. म्हणून नवी जोडी जमवण्याचा खटाटोप मार्च ते जूनमध्ये करू नका. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आगेमागे सुरू करा, थंडीत हीटर २६ अंशांवर लावा.

उन्हाळ्यात जुन्या जोडीसाठी झाकणाऐवजी जाळी घाला आणि पाण्यावर लहान पंखा फिरवा. दोन ते चार अंश उतरतात, पाणी मात्र रोज भर घालावं लागतं. बर्फाच्या बाटल्या टाकण्याची पद्धत आहे. अर्ध्या लिटरची गोठलेली बाटली शंभर लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश थंड करते, म्हणजे एका बाटलीने नुकसान नाही आणि फायदाही नाही. त्यापेक्षा जिथे कूलर चालतो त्या खोलीत टाकी ठेवा, कूलरच्या थेट झोतापासून दूर. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. खाणं एका वेळेवर आणा. आणि अंडी नको असतील तर कवेलू काढून घ्या; जागा नाही म्हटलं की कॉन्व्हिक्टसुद्धा काही काळ थांबतात, कायमचे नाही.

पिल्लांचं काय

कॉन्व्हिक्टची जोडी जमली की अंडी तीन दिवसांत फुटतात, आणखी चार-पाच दिवसांत पिल्लं पोहू लागतात, आणि ती शंभराच्या वर असतात. पुढच्या महिन्यात पुन्हा. दुकानदार पहिली खेप घेईल, दुसरी घेताना तोंड वाकडं करेल, तिसरी घेणार नाही. म्हणून जोडी जमवण्याआधी पिल्लं कुणाला द्यायची हे ठरवा. ठरत नसेल तर दोन माद्या ठेवा. त्याही अंडी घालतील, पण तिथेच थांबेल.

धामच्या पात्रात, बोर धरणात, गावतळ्यात किंवा शेतातल्या विहिरीत पिल्लं सोडू नका. तिलापिया भारतात १९५२ साली आणली गेली, आणि एका वेळेला शेकडो पिल्लं वाढवणारा, जागा बळकावणारा मासा नव्या पाण्यात काय करतो हे देशभरच्या जलाशयांत तेव्हापासून दिसतंच आहे. फ्लॉवरहॉर्न तर वाटेत येईल ते खातो. आपल्या पाण्यातल्या लहान माशांना अशा राखणदार शिकाऱ्याची सवय नाही.

जाळी लावून, जागा बदलून, शेजारी देऊनही दुसऱ्यांदा तोच मासा मार खात असेल तर ती जोडी सोडून द्या. दोघं चांगले असतात, एकमेकांना चालत नाहीत एवढंच. ओळखीच्या पाळणाऱ्याशी अदलाबदल करा किंवा नागपूरच्या दुकानात बदलून आणा. पाऊणशे किलोमीटरचा रस्ता आहे, सकाळी लवकर निघा, आदल्या दिवशी खायला देऊ नका, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा, पिशवी कागदात गुंडाळून अंधारी करा. आणि दोघांना दोन वेगळ्या पिशव्यांत बांधा.